डबा आपला, किल्ली त्यांची

टीव्हीचा डबा घेताना गिऱ्हाईक दोन गोष्टी विचारतं. चॅनल किती येतात आणि महिन्याला पैसे किती. तिसरी गोष्ट क्वचितच कोणी विचारतं: उद्या तुम्हाला सोडून दुसऱ्या कंपनीकडं गेलो, तर हा डबा तिथं चालेल का? उत्तर 'नाही' असं एका शब्दात देता येतं. पण ते तसं का आहे आणि तसंच राहायला हवं का, हे कळायला मला टीव्ही दुरुस्तीच्या आणि छत्री बसवायच्या धंद्यात बरीच वर्षं घालवावी लागली. दुकान परभणी जिल्ह्यातल्या सेलूत, काम मानवत, पाथरी, जिंतूरपर्यंत. या पट्ट्यातल्या गच्च्यांवर, पत्र्यांवर आणि माळवदांवर चढून जे शिकलो ते असं.

१. नुसती वायर होती तोवर भांडण नव्हतं

१९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांचं वारं आलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतही विजेच्या खांबांवरून काळ्या वायरी लोंबू लागल्या. केबलवाल्याच्या गच्चीवर मोठाल्या जाळीच्या छत्र्या, खाली खोलीत रिसीव्हर मांडलेले आणि तिथून गल्लोगल्ली वायर. ती टीव्हीच्या मागं खोचली की चित्र आलं. टीव्ही कोणत्या कंपनीचा, नवा की जुना, हे केबलवाला विचारत नसे. जुन्या टीव्हीत चॅनल कमी बसायचे, इतकीच तक्रार. केबलवाला बदलायचा तर एक वायर काढून दुसरी लावायची.

मग हिशेबाचा प्रश्न आला. किती घरांत कोणती वाहिनी दिसते हे वायरीवरून कळत नाही. केबलवाला सांगेल तो आकडा, आणि तो कमी करून सांगितलेला असतो हे सगळ्यांना ठाऊक. वाहिन्यांना पैसे हवे होते, सरकारला कर हवा होता. २००२ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली. २००३ मध्ये चेन्नईत आणि २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत पैसे भरून बघायच्या वाहिन्यांसाठी डबा लागू झाला. २०११ च्या दुरुस्तीनं तो देशभर न्यायचं ठरलं. महानगरांना ऑक्टोबर २०१२, मोठ्या शहरांना मार्च २०१३, परभणीसारख्या उरलेल्या शहरांना आणि नगरपालिकांच्या गावांना डिसेंबर २०१५ अशा मुदती पडल्या. खेड्यांना आधी डिसेंबर २०१६ सांगितलं, मग ते मार्च २०१७ पर्यंत वाढवलं.

डब्यानं चित्र स्वच्छ झालं यात शंका नाही. पण तो मुळात आला तो घरं मोजायला आणि पैसे न भरणाऱ्याचं चित्र बसल्या जागी बंद करायला. हे ध्यानात ठेवलं की पुढचा बराच गुंता सुटतो.

२. एक सोडून बाकी सगळं बदलून चालतं

आरजी-६ वायर कोणत्याही कंपनीची घ्या, चालते. तिच्या टोकाची पिन, म्हणजे एफ-कनेक्टर, सगळीकडं एकच. स्प्लिटर, एचडीएमआय केबल, तीन रंगांची एव्ही केबल, काहीही कुणाचंही लावा. डब्याचा अ‍ॅडॉप्टर जळाला तर दुसऱ्या कंपनीचा चालतो. व्होल्ट, अँपिअर आणि पिनेचे प्लस-मायनस तेवढे जुळले पाहिजेत. रिमोटसुद्धा जुन्याकडून शिकून घेणारा मिळतो.

सिग्नलही कुणा एकाच्या मालकीचा नाही. युरोपात १९९३ पासून डीव्हीबी नावाची मानकं ठरत गेली आणि आपल्याकडं तीच आली. केबलला डीव्हीबी-सी, छत्रीला डीव्हीबी-एस आणि त्यानंतरचं एस-२. चित्र आणि आवाज दाबून लहान करायची पद्धत एमपेग-२ किंवा एमपेग-४. त्यामुळं एका केबल कंपनीच्या डब्याला दुसरीची वायर लावून सर्च मारता आला, तर बऱ्याचदा चॅनलची यादी उमटते. नावं येतात, चित्र मात्र येत नाही. काळा पडदा आणि त्यावर एखादा एरर नंबर.

अडतं ते कंडिशनल अ‍ॅक्सेसवर, म्हणजे चित्राला घातलेल्या कुलपावर. हेडएंडला, म्हणजे सिग्नल जिथून निघतो त्या केंद्रात, चित्र विस्कटून पाठवतात. ते पुन्हा जुळवायची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि ती किल्लीही त्याच वायरीतून गुप्त रूपात येते. ज्या कार्डाला किंवा चिपला कंपनीनं हक्क दिला आहे, त्यालाच ती वाचता येते. कोनॅक्स, इर्डेटो, नाग्रा, एनडीएस, व्हेरिमॅट्रिक्स अशा या कुलपांच्या वेगवेगळ्या प्रणाली. डबा तयार होतो तेव्हाच त्यात एका प्रणालीची सोय बसवलेली असते. तुमच्या डब्याला दुसऱ्या कंपनीचा सिग्नल कळतो, पण त्या कंपनीची किल्ली त्याच्यापाशी नसते. वायरीपासून पिनेपर्यंत सगळं एका मापाचं करून फक्त हीच जागा वेगळी ठेवली, यात योगायोग काही नाही.

३. कार्ड हलवून डबा चालू होत नाही

बोरीच्या एका मावशींनी परभणीला राहणाऱ्या लेकीचा डबा आणला. लेक-जावई पुण्याला गेले होते आणि डबा पडून होता. मावशी म्हणाल्या, "नवाच हाय बघा. आमच्या डब्यातलं कारड ह्याच्यात घाला अन् द्या चालू करून." कंपनी एकच, कार्डही त्याच कंपनीचं. तरी पडदा काळाच.

कारण कंपनीच्या संगणकात अमुक कार्ड अमुकच डब्यात चालेल अशी जोडी बांधलेली असते. एका कार्डावर चार घरांनी बघू नये म्हणून ही सोय. शिवाय प्रत्येक डबा कोणत्या तरी स्थानिक केबलवाल्याच्या खात्यावर चढलेला असतो. परभणीच्या केबलवाल्याच्या खात्यावरचा डबा बोरीत चालवायचा, तर त्यानं तो सोडायला हवा आणि इथल्यानं आपल्या नावावर घ्यायला हवा. आधीची बाकी असेल तर गाडी तिथंच अडते. अलीकडच्या बऱ्याच डब्यांत कार्डच नसतं, सगळं चिपमध्ये. तिथं तर हलवायलाही काही नाही. मी हे सगळं समजावून सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हंजी पैसे आमचे अन् मर्जी त्यांची?" यापेक्षा नेमकं मलाही कधी सांगता आलेलं नाही.

आठवडी बाजारात किंवा ओळखीतून जुना डबा घ्यायचा असेल तर एकच नियम पाळा. आपल्या घरी, आपल्या वायरीवर, आपल्या नावावर चित्र चालू झाल्यावर पैसे द्या. 'लाईट लागते, म्हणजे चालू आहे' हे बोलणं डब्याच्या बाबतीत बिनकामाचं आहे.

४. छत्री फेकू नका, वळवा

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात उंचावरून पाहा, एकेका घरावर दोन-तीन छत्र्या दिसतील. चालू असते एक. बाकीच्या गंजत पडतात, नाहीतर खाली येऊन कोंबडीची पिल्लं झाकायच्या कामाला लागतात. कंपनी बदलली की बसवणारा नवा संच घेऊन येतो आणि जुन्याकडं कोणी बघत नाही.

खरं तर छत्रीला कंपनी नसते, दिशा असते. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर एका जागी धरून ठेवलेले आहेत. टाटा प्ले, म्हणजे पूर्वीचं टाटा स्काय, ८३ अंश पूर्वेला. डी-टू-एच ८८ ला, डीडी फ्री डिश ९३.५ ला, डिश टीव्ही ९५ ला आणि एअरटेल १०८.२ ला. परभणी शहर ७७ अंश रेखांशाच्या किंचित अलीकडं. म्हणजे हे सगळे उपग्रह आपल्याला दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या आभाळात सापडतात. टाटा प्लेची नजर जवळपास दक्षिणेला, जमिनीपासून ६६ अंशांच्या आसपास वर. फ्री डिश आग्नेयेला, साधारण ६० अंशांवर. एअरटेल पूर्वेकडं बरंच सरकलेलं आणि ४८ अंशांपर्यंत खाली आलेलं. छत्रीची ताटली मात्र याहून उभी दिसते, कारण सिग्नल पकडणारा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला धरलेला असतो. म्हणून नुसतं डोळ्यानं बघून कोन ठरवायला जाऊ नये. सिग्नल मीटर नाहीतर डब्यावरची क्वालिटीची पट्टी बघावी.

सांगायचं ते इतकंच की ताटली, खांब आणि वायर नव्या कंपनीसाठीही वापरता येते आणि बऱ्याचदा एलएनबीसुद्धा. नट ढिले करायचे, वळवायची, पुन्हा आवळायचे. कंपनीच्या माणसाला आधीच सांगा की छत्री आहे, वळवून द्या, आणि तेवढे पैसे कमी करा. काही जण ऐकतात. डब्याचं मात्र असं वळवणं नाही.

५. कागदावर सोय असली म्हणजे घरात असते असं नाही

हा प्रश्न सरकारला सुचलाच नव्हता असं कोणी समजू नये. घराघरांत छत्री यायच्या आधीच, २००१ मध्ये, डीटीएच, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येणाऱ्या सेवेच्या, परवान्याचे नियम झाले. डबा एकाच कंपनीशी बांधलेला नसावा, तो दुसऱ्या सेवेवरही चालावा, हे त्यांत लिहिलेलं होतं. वाट काढली ती कॉमन इंटरफेसची. डब्याला एक खाच ठेवायची. कंपनी बदलली की नव्या कंपनीचं कॅम नावाचं छोटं यंत्र त्यात सरकवायचं आणि त्यात तिचं कार्ड घालायचं. कुलूप डब्याबाहेर आलं की डबा मोकळा झाला, असा विचार. विचार बरोबर होता, हिशेब चुकला. हे कॅम वेगळं विकत घ्यायचं तर सवलतीतल्या नव्या डब्याइतका किंवा त्याहून जास्त खर्च. माझ्या फळीवर ते कधी आलं नाही आणि गिऱ्हाइकानंही कधी मागितलं नाही.

११ एप्रिल २०२० रोजी ट्राय या नियामक संस्थेनं पुन्हा शिफारस केली. सगळे डबे तांत्रिकदृष्ट्या परस्परांत चालणारे असावेत, छत्रीचा डबा दुसऱ्या छत्रीवर आणि केबलचा दुसऱ्या केबलवर. नव्या टीव्हींना डीव्हीबी-सीआय प्लस २.० या मानकाची खुली खाच असावी, म्हणजे यूएसबीच्या आकाराचं कॅम सरळ टीव्हीलाच लावता येईल. शिफारस चांगली होती. पण माझ्या दुकानात येणारा डबा अजून जिथला तिथंच बांधलेला आहे.

अमेरिकेतली कथा फार वेगळी नाही. तिथं १९९६ च्या कायद्यातच म्हटलं होतं की केबलचा डबा बाजारातून घ्यायची मुभा ग्राहकाला हवी. त्यातून केबलकार्ड आलं. २००४ पासून ते लोकांना मिळू लागलं आणि २००७ पासून केबल कंपन्यांनी स्वतःच्या नव्या डब्यांतही तेच वापरावं असं बंधन आलं. तरीही बहुतेक घरांत कंपनीचा भाड्याचा डबाच राहिला. कार्ड कंपनीकडूनच आणायचं, चालू कंपनीनंच करायचं, आणि मागणीनुसार सिनेमा दाखवण्यासारख्या दुतर्फी सेवा त्यावर चालायच्या नाहीत. २०१५ मध्ये दोन सिनेटरांनी हिशेब मांडला तेव्हा सरासरी घर डब्यांच्या भाड्यापोटी वर्षाला २३१ डॉलर भरत असल्याचं निघालं. २०१५ च्या अखेरीस कंपन्यांवरचं बंधन उठलं आणि २०२० मध्ये केबलकार्डाचे नियमच काढून टाकले गेले.

यावरून मी एवढंच शिकलो की कुलूप डब्याबाहेर काढून भागत नाही. किल्ली स्वस्तात, कोणत्याही दुकानात आणि खेटे न मारता मिळायला हवी.

६. डबा टीव्हीच्या पोटात गेला तरी प्रश्न बाहेरच राहतो

मराठवाड्यात व्हिडिओकॉनचं नाव घरचं. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावला त्यांचा कारखाना, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांतला पहिला रंगीत टीव्ही याच नावाचा. २००९ मध्ये त्यांनी डी-टू-एच सेवा आणली आणि तिच्यासोबत डबा आतच बसवलेले टीव्ही विकले. वेगळा डबा नाही, वेगळा रिमोट नाही, मागं वायरींचा गुंता नाही. मांडणी खरोखर देखणी होती.

पण आतला रिसीव्हर एकाच सेवेचा. ज्यांनी पुढं कंपनी बदलली त्यांच्या टीव्हीच्या पोटात एक डबा निजलेला आणि बाहेर दुसरा उभा, असं झालं. टीव्ही दहा-पंधरा वर्षं टिकतो, सेवेचं तेवढं खरं नसतं. मार्च २०१८ मध्ये डी-टू-एच डिश टीव्हीत विलीन झाली आणि त्याच वर्षी व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूत लवकर बदलणारी वस्तू कायमची चिकटवू नये, हा धडा त्या टीव्हींनी दिला.

आता भारतीय मानक ब्युरोनं आयएस १८११२ : २०२२ हे मानक काढलं आहे. ते उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीचं. फरक असा की हे टीव्ही खुल्या, बिनकुलपाच्या वाहिन्यांसाठी आहेत. छत्रीची वायर सरळ टीव्हीला लावायची. कुलूपच नसेल तर डबा पोटात घालायला काहीच हरकत नाही.

७. मोकळा डबा कसा असतो ते फ्री डिशकडं बघून कळतं

'सगळ्यांचा डबा सगळीकडं चालणं शक्य नाही' असं कोणी म्हणालं की मी फ्री डिशचं उदाहरण देतो. दूरदर्शननं डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं ही सेवा सुरू केली. महिन्याचे पैसे नाहीत. आपली वाहिनी त्यावर यावी म्हणून खासगी वाहिन्या लिलावात बोली लावून दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला पैसे भरतात, बघणारा भरत नाही. त्यामुळं बघणाऱ्याला कुलूप घालायचं फारसं कारण उरत नाही.

परिणाम बाजारात दिसतो. डबे अनेक कंपन्यांचे मिळतात. एक बिघडला तर दुसऱ्या कंपनीचा आणून त्याच वायरीला लावायचा आणि सर्च मारायचा. कुणाला फोन नाही, जोडी बांधणं नाही, केबलवाल्याचं खातं नाही. पॉवर सप्लाय गेला तर मी दुकानात दुरुस्त करतो. जिंतूरच्या डोंगराळ बाजूला, शेतातल्या आखाड्यांवर, जिथं केबलची वायर पोचत नाही, तिथं हाच डबा चालतो.

त्यातही खाचखळगे आहेत. जुन्या एमपेग-२ डब्यावर एमपेग-४ मधल्या वाहिन्या दिसत नाहीत. वाहिन्याही येतात-जातात. मार्च २०१९ मध्ये मोठ्या समूहांच्या लोकप्रिय हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून गेल्या आणि २०२० मध्ये परत आल्या. मधल्या काळात 'डबा बिघडला' म्हणून दुकानात येणाऱ्यांना समजावता समजावता घसा कोरडा पडला. डबा मोकळा असला म्हणजे त्यावर काय दिसेल हेही आपल्या हातात असतं, असं नाही.

८. फुकट डब्याचीही पावती घ्या

डबा विकत दिला, भाड्यानं दिला की 'स्कीममध्ये' दिला, हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नसतं. पैसे दिले म्हणजे आपला झाला, अशी समजूत. डबा परत मागायला कोणी आलं की मग वादावादी.

२००६ मध्ये महानगरांत डबा आला तेव्हा ट्रायनं भाड्याचे दर ठरवून दिले होते. ९९९ रुपये अनामत आणि महिना ३० रुपये, किंवा २५० रुपये अनामत आणि महिना ४५. ट्रायच्या २०१७ च्या नियमांतही विकत आणि भाड्यानं असे दोन्ही मार्ग ठेवले आणि विकतच्या डब्याला किमान एक वर्षाची वॉरंटी घातली. आपल्याकडं व्यवहार तोंडी चालतो, आणि तोंडी व्यवहारात वॉरंटीची तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: विकत की भाड्यानं, अनामत किती, आणि डब्याचा व कार्डाचा नंबर.

महिन्याच्या पैशांचंही तसंच. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धत लागू झाली. पहिल्या शंभर चॅनलला १३० रुपये आणि वर १८ टक्के कर, असे १५३ रुपये ४० पैसे. पैसे भरून बघायच्या वाहिन्यांची किंमत वेगळी. २०२० च्या दुरुस्तीनं त्याच १३० रुपयांत दोनशे चॅनल आले आणि घरातल्या दुसऱ्या टीव्हीला या आकाराच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं १३० ची मर्यादा काढून घेतली. तेव्हा आता दर विचारूनच घ्यावा. 'गावात सगळीकडं हाच भाव आहे' यावर थांबू नये.

९. डबा मेला असं लगेच म्हणू नका

दुकानात आलेल्या 'मेलेल्या' डब्यांपैकी बरेच जिवंत असतात. आधी अ‍ॅडॉप्टर तपासा. लाईट मिणमिणत असेल किंवा डबा आपोआप बंद-चालू होत असेल तर दोष बहुतेक तिथंच. मग पिन. वायरीतली तांब्याची तार हिरवी पडली असेल तर इंचभर कापून नवी पिन बसवा. मग कार्ड. काढून त्याची सोनेरी बाजू कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि पुन्हा नीट बसवा. शेवटी रिचार्ज संपलाय का ते बघा. शरमेपोटी हे शेवटी विचारलं जातं, म्हणून मी आधीच विचारतो.

मृगाच्या ढगात छत्रीचं चित्र फुटतं, तो डब्याचा दोष नाही. घरच्या छत्रीवर येणाऱ्या कू बँडच्या लहरी दाट पावसात अडतात. केबलवाल्याच्या मोठ्या छत्र्या सी बँडवर असतात आणि त्यांना पावसाचा त्रास कमी. मात्र वळवाच्या पावसात वीज कडाडली की केबलच्या वायरीतून येणारा झटका डब्याचा ट्यूनर जाळू शकतो. आभाळ भरून आलं की बोर्डावरचं बटण बंद करून भागत नाही, मागची पिनही काढून ठेवा. या एका सवयीनं वालूर, कोल्हा भागातल्या माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांचे डबे वाचले.

१०. घेण्याआधी सोडायचं बोला

सोयरीक जुळवताना काडीमोडाचं बोलू नये म्हणतात. डब्याच्या व्यवहारात ते आधीच बोलावं. हा डबा परत घेता का, घेतलात तर अनामत किती दिवसांत? गाव बदललं तर तुमच्याच कंपनीत तो तिकडं हलवून मिळेल का, आणि ते कोण करून देईल? दुसरीकडं गेलो तर माझ्याकडं काय उरेल: छत्री, वायर की नुसता डबा?

हेच प्रश्न आता वायफायच्या डब्यालाही विचारायला लागा. फायबरची जोडणी घरोघरी येतेय आणि तिच्यासोबत भिंतीवरचं छोटं यंत्र, टीव्हीखाली आणखी एक डबा. दोन्ही बहुतेक त्याच कंपनीचे, तिथंच चालणारे. नाव बदललं, गाठ तीच. टीव्ही सोडून मोबाइलवर गेलो म्हणजे डब्याच्या तावडीतून सुटलो, असं मानणारी पोरं फायबर बदलायची वेळ आली की माझ्याकडंच येतात.

११. डबे मोकळे झाले तर नुकसान कुणाचं?

केबलवाल्याची बाजूही खरी आहे. डब्यात त्याचे पैसे अडकतात. कमी किमतीत डबा द्यायचा आणि तो दोन-तीन वर्षांत भरून निघेल असा हिशेब धरायचा, तर गिऱ्हाईक चौथ्या महिन्यात डबा उचलून दुसऱ्याकडं गेलेलं त्याला परवडणार नाही. वाहिन्यांना चोरीची भीती. सामना रंगात आला की पडद्यावर अचानक उमटणारा आकडा हा त्याच भीतीपायी. कोणी पडद्यावरून चोरून पुढं दाखवत असेल तर त्या आकड्यावरून डबा सापडतो. लोक मात्र तो बघून उगाच घाबरतात.

पण मोबाइलमध्येही हीच भीती होती. हँडसेट आपला, सिमकार्ड कंपनीचं, आणि २०११ पासून नंबरही सोबत नेता येतो. त्यानं कंपन्या बुडाल्या नाहीत, हँडसेटचा बाजार वाढला. डबा पूर्ण किमतीला विकायचा आणि सेवा वेगळी विकायची, असं ठरलं की केबलवाल्याचेही पैसे डब्यात अडकणार नाहीत.

लोक विचारतात, मग तुमच्या धंद्याचं काय? आज कंपनीचा बंद डबा हातात आला तर मी अ‍ॅडॉप्टर, पिन आणि कार्ड बघतो. त्यापुढं 'कंपनीला फोन लावा' एवढंच सांगू शकतो. फ्री डिशचा डबा आला तर उघडतो, मोजतो, दुरुस्त करतो आणि त्याचे पैसे घेतो. मोकळ्या डब्यावर मिस्त्री जगतो, बांधलेल्या डब्यावर कॉल सेंटर.

आणि केबलवाल्यांतही दोन तऱ्हा आहेत. काहींचं गिऱ्हाईक डब्यामुळं टिकतं. काहींचं टिकतं ते तक्रार आल्या दिवशी माणूस पाठवल्यामुळं, वायर खांबावर नीट बांधल्यामुळं, लाईट गेल्यावरही हेडएंड बॅटरीवर चालू ठेवल्यामुळं. परभणी जिल्ह्यात हे दुसऱ्या तऱ्हेचे केबलवाले मी पाहिले आहेत, त्यांच्यासोबत कामही केलं आहे. उद्या सगळे डबे मोकळे झाले तर त्यांचं एक घरही कमी होणार नाही. कुलूप लागतं ते पहिल्यांना.